बाळ काचेच्या पेटीत, आई दाराबाहेर

प्रतिनिधी

सातव्या महिन्यात बाळंतपण झाले की नातेवाइकांच्या तोंडी पहिले वाक्य येते, ‘बाळाला काचेत ठेवले आहे.’ त्या वाक्यात धीर असतो आणि धास्तीही असते. बाळ यंत्रांच्या आणि डॉक्टरांच्या स्वाधीन आहे हा धीर. आता आपल्या हाती काही उरले नाही ही धास्ती. आई एका मजल्यावर प्रसूती विभागात, बाळ दुसऱ्या मजल्यावर नवजात अतिदक्षता विभागात आणि मधल्या जिन्यावर दुधाची झाकलेली वाटी घेऊन ये-जा करणारी आजी, हे दृश्य शहरातील मोठ्या रुग्णालयांना नवे नाही. चार-सहा दिवसांनी आईला घरी सोडतात. बाळ तेथेच राहते. मग उरते ती भेटीची वेळ आणि ‘सिस्टर, आज वजन किती भरले?’ हा रोजचा प्रश्न.

वैद्यकशास्त्र मात्र गेल्या चार दशकांत नेमके उलट सांगू लागले आहे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून तासन् तास ठेवण्याच्या पद्धतीला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. आपल्याकडे ती ऊब देण्याची स्वस्त युक्ती म्हणून ओळखली जाते. पेटी नसली तर कांगारू, असा एकूण समज. ऊब हे तिचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम दुधाचे आहे. आईला दूध येणे, ते टिकणे आणि ज्याला अजून नीट गिळताही येत नाही त्या बाळाने ते ओढायला शिकणे, या तिन्ही गोष्टी आई बाळाजवळ किती तास असते यावर अवलंबून असतात. पेटी बाळाला ऊब देऊ शकते, दूध देऊ शकत नाही.

गरजेतून निघालेली वाट

या पद्धतीचा उगम कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा येथील. तेथील ‘इन्स्टिट्यूटो मातेर्नो इन्फान्तिल’ या गरिबांच्या प्रसूती रुग्णालयात १९७० च्या दशकात एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. बाळापासून आठवडेच्या आठवडे दूर राहिलेल्या काही माता मुलांना रुग्णालयातच टाकून जात. १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी स्थिर प्रकृतीची लहान बाळे पेटीतून काढून आईच्या छातीशी बांधण्यास सुरुवात केली. पुढच्या वर्षापासून डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांच्यासोबत काम करू लागले.

त्या मूळ कल्पनेला तीन पाय होते, हे आज विसरले जाते. पहिला, उभ्या स्थितीत छातीशी ठेवणे. दुसरा, शक्यतो केवळ आईचे दूध. तिसरा, लवकर घरी पाठवून नियमित तपासणी. म्हणजे स्तनपान हा कांगारू पद्धतीला नंतर जोडलेला उपचार नव्हे, तो आरंभापासून तिचा भाग होता.

प्रारंभीचे दावे सर्वांनी मान्य केले असे मात्र नाही. मृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे आकडे बोगोटाहून येऊ लागले, तेव्हा ब्रिटनहून गेलेल्या दोघा तज्ज्ञांनी १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांवर बोट ठेवले. पहिल्या काही दिवसांतून तरलेलीच बाळे या उपचारात घेतली जात असल्याने जुन्या आकड्यांशी त्यांची तुलना करणे योग्य नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. मग नाताली शार्पाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोगोटातच ७४६ बाळांचा रीतसर तुलनात्मक अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच बाळांपैकी अनेकांचा वीस वर्षांनंतरचा मागोवाही २०१७ मध्ये प्रकाशित झाला. एखाद्या उपचारपद्धतीची इतकी दीर्घ पाठराखण क्वचितच होते.

पुढे २०१६ मध्ये झालेल्या कोक्रेन समीक्षेत २१ अभ्यास आणि ३०४२ बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. कांगारू पद्धतीत वाढलेल्या बाळांमध्ये मृत्यू कमी आढळलेच. शिवाय रुग्णालयातून घरी जाताना केवळ आईच्या दुधावर असणाऱ्या बाळांचे प्रमाणही अधिक होते.

दूध येते कसे, आटते कसे

पूर्ण दिवस भरलेले बाळ जन्मल्यावर तासाभरात स्वतःच स्तनाला लागते आणि त्याच्या ओढण्यातून आईच्या शरीराला दूध तयार करण्याची आज्ञा मिळते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध बनवते, ऑक्सिटोसिन ते वाहते करते. बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मले आणि त्याला दूर नेले, तर ही आज्ञा देणारा कोणीच उरत नाही. शरीराच्या लेखी दुधाला मागणीच नसते. त्यात शस्त्रक्रियेची वेदना, बाळाची काळजी आणि अवतीभवतीची कुजबुज. आठवड्याभरात छाती हलकी पडते आणि घरातले म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ वास्तविक बहुतेक वेळा दूध नसते असे नाही, ते मागणारे कोणी जवळ नसते.

म्हणून अशा आईने प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, जमल्यास पहिल्या तासातच, हाताने दूध पिळून काढण्यास सुरुवात करावी, असे नवजातशिशुतज्ज्ञ सांगतात. दिवसातून किमान आठ वेळा, आणि त्यातली एक वेळ रात्रीची. रात्री प्रोलॅक्टिनची पातळी अधिक असते. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी जेमतेम काही थेंब जमतात आणि आईचा धीर सुटतो. नेमके तेच थेंब मोलाचे असतात. पिवळसर, दाट असा हा चीक रोगप्रतिकारक घटकांनी भरलेला असतो. बाळाच्या पोटात नळीने दूध देणे सुरू झालेले नसले, तरी अनेक विभागांत चिकाचा थेंब त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतात.

पहिल्या दिवसांत बाळाची गरजही तेवढीच लहान असते. दीड किलोचे बाळ पूर्ण आहारावर आले, तरी त्याला दिवसाकाठी साधारण सव्वादोनशे ते पावणेतीनशे मिलिलिटर दूध लागते, म्हणजे सुमारे पाव लिटर. आईपुढे हा आकडा ठेवला, तर ‘मला पुरेसे येईल का’ ही भीती बरीच कमी होते. हे गणित तिला कोणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्वचास्पर्शाचे काम येथे सुरू होते. बाळाचा स्पर्श, त्याचा गंध, छातीवरची त्याची चुळबूळ यांमुळे ऑक्सिटोसिन स्रवते. बाळाला छातीवर घेतलेले असतानाच अनेक मातांना पान्हा फुटल्याचे जाणवते, आणि लगेच पिळल्यास दूध अधिक निघते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रोज त्वचास्पर्श लाभलेल्या मातांचे दूध पंधरवड्यात वाढत गेले. तो न लाभलेल्या मातांचे जवळपास तेवढेच राहिले. अभ्यास लहान होता हे खरे, परंतु परिचारिकांच्या नित्याच्या अनुभवाशी तो जुळतो.

आणखी एक बाब. आई ज्या विभागात वावरते, तेथील जंतूंशी तिच्या शरीराची ओळख होते आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये तिच्या दुधातून बाळाला मिळतात. जंतुसंसर्गाच्या भीतीने आईला दाराबाहेर ठेवण्याच्या प्रथेचा या दृष्टीनेही फेरविचार व्हायला हवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्यांचा जो जीवघेणा दाह होतो, त्याचे प्रमाण आईच्या दुधावरील बाळांत कमी असते, हे तर बऱ्याच आधीपासून ज्ञात आहे.

छातीवरची शाळा

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बसायला साधारण ३२ ते ३४ आठवड्यांचा गर्भकाळ पूर्ण व्हावा लागतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. तोपर्यंत दूध नाकातून किंवा तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने दिले जाते. त्यामुळे ३४ आठवडे होईपर्यंत बाळाला स्तनाजवळ न्यायचेच नाही, अशी रीत अनेक ठिकाणी पडली.

स्वीडनमधील उप्साला येथे केर्स्टिन हेडबर्ग निक्विस्त यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे स्तनाजवळचे वागणे बारकाईने नोंदवले, तेव्हा निराळे चित्र दिसले. अवघ्या २८ आठवड्यांच्या वयातली काही बाळेही मान वळवून स्तन शोधत, तोंडात धरत. पोट भरण्याइतके दूध त्यांना ओढता येत नसे, परंतु शिकणे सुरू झालेले असे. आठवडे मोजत बसण्यापेक्षा बाळाकडे पाहावे, असा त्याचा अर्थ. श्वास व ठोके स्थिर असलेल्या बाळाला संधी मिळाली, तर ते लवकर शिकते.

ही संधी कांगारू स्थितीत आपोआप मिळते. बाळ केवळ टोपडे, पायमोजे आणि लंगोट घालून आईच्या दोन स्तनांच्या मधोमध उभे, बेडकासारखे हातपाय दुमडून असते. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वासनलिका मोकळी राहते. वरून ओढणीचा किंवा ताणल्या जाणाऱ्या कापडाचा पट्टा. आई सपाट न झोपता उशांना टेकून अर्धवट पहुडलेली. शस्त्रक्रिया झालेल्या आईलाही हे जमते, आधाराला कोणी हवे इतकेच. एका वेळी निदान तासभर तरी बाळाला हलवू नये, कारण वारंवार काढण्या-ठेवण्याचाच बाळाला अधिक त्रास होतो.

सुरुवातीला आई आधी दूध पिळून घेते आणि रिकाम्या झालेल्या स्तनाला बाळ लावते. नळीतून दूध जात असताना बाळ नुसतेच चाटते, हुंगते, एखाददुसरे चोखते. पोट भरण्याची सुखद जाणीव आणि स्तनाचा स्पर्श यांची सांगड येथे बसते. काही दिवसांनी दोन-तीनदा ओढून मोठा विराम, मग पुन्हा दोन-तीनदा. हा विराम म्हणजे थकवा नव्हे, तर श्वासासाठी घेतलेली उसंत असते. अशा वेळी बाळाचा गाल टिचकून त्याला घाई करण्याची आपल्याकडची सवय टाळावी. बाळाचे ओढणे वाढले की नळीचे दूध कमी करतात, आणि मधल्या काळात पिळलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. आजीच्या काळातले हे बोंडले आजही नवजात विभागांत टिकून आहे, आणि बाटलीपेक्षा ते स्वच्छ ठेवायला कितीतरी सोपे.

भुकेच्या खुणा ओळखायला आईच शिकते, तेही बाळ अंगावर असले तरच. जीभ बाहेर काढणे, मूठ तोंडाकडे नेणे, मान इकडेतिकडे फिरवणे या पहिल्या खुणा. रडणे ही फार उशिराची खूण, आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ पुष्कळदा रडतही नाही. दुरून पेटीकडे पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. मग घड्याळाच्या काट्यावर दर दोन तासांनी ठरावीक दूध देण्यावाचून परिचारिकेपुढे पर्याय उरत नाही. तिच्यावर वीस-वीस बाळे असतात. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अतिशय कमी वजनाच्या बाळांना आईच्या दुधात काही पोषक घटक मिसळून द्यावे लागतात, लोह व ड जीवनसत्त्वही लागते. हा निर्णय डॉक्टरांचाच. स्वतः श्वास घेऊ न शकणारी, कृत्रिम श्वासयंत्रावर असलेली किंवा शॉकमध्ये गेलेली बाळे त्वचास्पर्शासाठी थांबू शकतात. तोवर आईचे दूध काढणे मात्र थांबता कामा नये.

सफदरजंगचा धडा

बाळ स्थिर झाल्यावर कांगारू, हा नियम कित्येक वर्षे जगभर पाळला गेला. तोच मुळात चुकीचा असेल तर? हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत तपासला गेला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची ३२११ बाळे या अभ्यासात होती. निम्म्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या छातीशी ठेवण्यात आले. उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने आधी पेटी, मग कांगारू.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२१ साली आलेले निष्कर्ष बोलके होते. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीतील १५.७ टक्के बाळे दगावली, लगेच कांगारू मिळालेल्यांपैकी १२ टक्के. फरक इतका ठळक होता की, अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आला. दुसऱ्या गटाला या लाभापासून दूर ठेवणे अनैतिक ठरले असते. जंतुसंसर्गाचा संशय आलेल्या बाळांचे प्रमाणही आई जवळ असलेल्या गटात कमीच होते, २७.८ विरुद्ध २२.९ टक्के. आई आत आली की जंतू येतात, या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर नाही.

या यशामागे औषध नव्हते, खाट होती. त्यासाठी ‘माता-नवजात अतिदक्षता विभाग’ उभारण्यात आले. तेथे बाळाच्या यंत्रांशेजारीच आईची खाट. तिचे टाके, रक्तदाब, औषधे यांची देखभालही त्याच जागी. परिणामी या गटातली बाळे दिवसाचे जवळपास १७ तास कोणाच्या तरी छातीशी होती. दुसऱ्या गटात, अतिदक्षता विभागात असताना, हा अवधी दीड तास होता. सतरा आणि दीड. आपल्या शहरांतील बहुतेक आया आजही दीड तासाच्या बाजूला आहेत, हे कोणत्याही विभागाबाहेर अर्धा दिवस थांबले तरी कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली शिफारस बदलली. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू पद्धतीने ठेवावे, असे तीत म्हटले आहे. हरियाणात घरोघरी राबवलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक बाळांच्या अभ्यासातही या पद्धतीने मृत्यू घटल्याचे आढळले होते.

मुंबईची पेढी

आई अत्यवस्थ असेल किंवा पहिले दिवस तिला पुरेसे दूध नसेल, तर डबा उघडण्याआधी दुसऱ्या आईचे दूध देता येते. याची वाट मुंबईने दाखवली. धारावीला खेटून असलेल्या महापालिकेच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवले जाते. तापवल्याने जंतू मरतात, तसे दुधातील काही सजीव संरक्षक घटकही नाहीसे होतात. म्हणून पेढीचे दूध हा उत्तम पर्याय असला, तरी पहिला क्रमांक स्वतःच्या आईच्या दुधाचाच. पेढी आहे म्हणून आईच्या दुधाचा पाठपुरावा सैल पडणे, हा तिचा दुरुपयोग ठरेल.

डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आणि नमुने वाटण्याला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. रुग्णालयातून निघताना चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहून मिळाल्याचे सांगणारे पालक तरीही भेटतात.

अडते कोठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बाळे मात्र ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर व परिचारिका हजर असतानाच हा पहिला तास निसटतो. निरोगी बाळांची ही अवस्था, तर पेटीतल्या बाळांची काय असेल, याची कल्पना करावी. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वाधिक.

धोरणांची उणीव नाही. कांगारू पद्धतीबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये आल्या. स्तनपानाच्या प्रसारासाठी २०१६ मध्ये ‘मा’ कार्यक्रम सुरू झाला. नवजात विभागात आईवडिलांना सेवेत सहभागी करून घेण्याच्या सूचना २०१७ मध्ये निघाल्या. अडते ते फार साध्या गोष्टींवर. बसायला टेकायची खुर्ची नाही. कपडे सैल करून बसायला आडोसा नाही. आईच्या जेवणाची सोय नाही. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मोफत आहाराची तरतूद करण्यात आली; महिनाभर पेटीत राहणाऱ्या बाळाच्या आईने आठव्या दिवसापासून काय खावे, याचा विचार त्यात दिसत नाही. विरार किंवा बदलापूरहून लोकलने येणाऱ्या ओल्या बाळंतिणीकडून दिवसाला आठ वेळा ताज्या दुधाची अपेक्षा कशी करायची?

खासगी रुग्णालयांत खुर्ची असते, पण तेथे दुसरी अडचण. अतिदक्षता विभागात ‘भेट’ ही संकल्पनाच रुजलेली आहे. आई ही पाहुणी नव्हे, हे आधी दारावरच्या पाटीवर लिहावे लागेल. नोकरदार आईचा प्रश्न तर याहून वेगळा. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली. दोन महिने बाळ रुग्णालयात राहिले, तर त्यातले आठ-नऊ आठवडे तेथेच खर्च होतात. बाळ जेव्हा खऱ्या अर्थाने स्तनाला लागते, तेव्हा रजेचा शेवट दिसू लागलेला असतो.

घरातल्या माणसांनाही यात मोठे काम आहे. बाळंतिणीला वारा लागेल म्हणून तिला दवाखान्यात जाऊ न देणारी आजी, पटवून दिले तर स्वतःच छातीवर बाळ घेऊन बसते. वडीलही बसू शकतात. ऊब देण्यात ते कोठेही कमी पडत नाहीत. आई जेवते, झोपते किंवा दूध काढते तेवढा वेळ बाळ त्यांच्या छातीवर राहिले, तर पेटीत परत ठेवण्याची वेळ येत नाही, आणि आईला मिळालेली झोप दुधातूनच परत मिळते.

घरी आल्यावरही हे थांबवायचे नसते. घराच्या रोजच्या व्यवहारात, पट्ट्याने बांधलेल्या बाळासह आई हिंडूफिरू शकते. स्वयंपाकाच्या गॅसजवळ मात्र जाऊ नये. ठरलेल्या दिवशी वजन करून घ्यावे, आणि ते अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल तर डबा आणण्याआधी स्तनाला लावण्याची पद्धत डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून पुन्हा तपासून घ्यावी. कधी थांबायचे हे बहुधा बाळच ठरवते. वजन अडीच किलोच्या आसपास पोहोचले की त्याला पट्टा नकोसा होतो. ते हातपाय बाहेर काढते, चुळबुळते, ढकलते, रडून उठते आणि पुन्हा बांधू देत नाही.